मूल प्रेमात पडल्याचे घरी कळते तेव्हा

आठवी ते बारावीच्या वयात मुलाला किंवा मुलीला कुणाविषयी ओढ वाटू लागली आहे, ही गोष्ट मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत त्या मुलाकडून कळतच नाही. ती शेजारच्या काकूंकडून, रोज एकाच एसटीने जाणाऱ्या कुणाकडून किंवा भावकीतल्या एखाद्या दादाकडून कळते. ‘पोरीकडं जरा लक्ष द्या’ एवढेच शब्द कानावर पडतात आणि घरातले वातावरण बदलून जाते. त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत काय होते, हे ग्रामीण भागात शिकवणाऱ्या माझ्यासारख्या प्रत्येक शिक्षिकेने पाहिलेले आहे. मोबाइल हिसकावला जातो, शाळेत ‘तब्येत बरी नाही’ असा निरोप येतो, मामाला बोलावून घेतले जाते आणि बघता बघता बोलणे ‘एखादं स्थळ बघून ठेवा’ इथपर्यंत पोचते. मुलगा असेल तर त्याला मार बसतो आणि पुढे पुण्याला चुलत्याकडे पाठवून दिले जाते.

मला जे सांगायचे आहे ते सुरुवातीलाच सांगते. या वयातली ओढ बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप ओसरते. पण ती कळल्यावर घाबरून घेतलेला निर्णय, विशेषतः शाळा बंद करण्याचा आणि लग्न उरकून टाकण्याचा, जन्मभर पुरतो. म्हणून घरातल्या मोठ्यांनी पहिला नियम स्वतःलाच घालून घ्यावा की, काहीही झाले तरी मुलाची किंवा मुलीची शाळा एक दिवसही बुडणार नाही. बाकी जे काही करायचे ते या नियमाच्या आत राहून करावे.

आधी नेमके काय आहे ते समजून घ्या

मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात शरीरात बदल सुरू होतात. संप्रेरकांमुळे शरीराबरोबर मनही बदलते, कुणीतरी आपल्याकडे पाहावे, आपल्याशी बोलावे असे वाटू लागते आणि आवडत्या माणसाच्या नुसत्या नजरेने दिवस उजळतो किंवा काळवंडतो. मेंदूचा भावनांशी आणि आनंदाशी संबंधित भाग या वयात फार जोमात असतो, तर परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा पुढचा भाग पूर्ण विकसित व्हायला विशीचा मध्य उजाडतो. मुलगी हुशार आहे, पहिल्या पाचांत येते, तरी ‘एवढं कसं कळलं नाही हिला’ असा प्रश्न आईबापांना पडतो, त्याचे बरेचसे उत्तर या अंतरात आहे. यात संस्कार कमी पडले असे काही नाही.

पण ‘काहीतरी चालू आहे’ या शब्दांच्या पोटात अगदी वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांना एकाच काठीने हाकणे ही सगळ्यात मोठी गफलत असते. कधी ती नुसती दुरून वाटणारी ओढ असते, जिचा समोरच्याला पत्ताही नसतो. कधी ती साधी मैत्री असते आणि वर्गातल्या इतर मुलांनी चिडवून चिडवून तिचे ‘प्रकरण’ केलेले असते. कधी दोघांनाही एकमेकांविषयी खरोखर जिव्हाळा असतो, चिठ्ठ्या किंवा व्हॉट्सॲपवरचे निरोप असतात. आणि कधी ते प्रेमच नसते. मुलगी पंधरा वर्षांची असते आणि समोरचा पंचविशीतला, कामधंद्याला लागलेला पुरुष असतो, ज्याने तिला रिचार्ज मारून दिलेला असतो, मोबाइल घेऊन दिलेला असतो, घरी कुणाला सांगू नकोस अशी शपथ घातलेली असते. पहिल्या तीन बाबतीत पुढे दिलेला सगळा सल्ला लागू पडतो. चौथ्या बाबतीत मात्र ही फसवणूक आहे, तिच्यात मुलीचा काडीचाही दोष नाही आणि तिला बोल न लावता सरळ पोलिसांची किंवा १०९८ या बालमदत क्रमांकाची मदत घ्यायला हवी. वयातला फरक, भेटवस्तू, गुपित पाळण्याचा आग्रह आणि ‘फोटो पाठव’ ही मागणी, या चार खुणा दिसल्या की उशीर करू नये.

पहिले बोलणे

बातमी कळली त्या घटकेला बोलू नका. राग उतरू द्या, रात्र जाऊ द्या. घरात आजी-आजोबा, चुलते, भाऊ सगळे जमलेले असताना तर मुळीच बोलू नका. त्या बैठकीत मूल आरोपी होऊन बसते आणि आरोपी खरे बोलत नाही. बोलणारे माणूस एकच असावे. आईला जमत असेल तर आईने बोलावे, पण आईचाच जीव घाबरा झालेला असेल तर मावशी, आत्या किंवा समजूतदार वहिनी चालेल. मुलाच्या बाबतीत वडिलांनी, मामाने किंवा ज्याचे तो ऐकतो अशा मोठ्या भावाने बोलावे. हातात काम असताना केलेले बोलणे अधिक सोपे जाते, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही.

समजा, संध्याकाळची वेळ आहे, आई आणि नववीतली लेक परातीत शेंगा फोडत बसल्या आहेत. आई हात न थांबवता म्हणते, ‘माय, तुझ्या वर्गातल्या त्या पोराचं माझ्या कानावर आलंय. आधी ऐक, तुझी शाळा बंद होणार नाही आणि मी कुणाला बोलावलेलं नाही. मला फक्त तुझ्याकडून कळू दे.’ लेक बराच वेळ गप्प राहते. मग म्हणते, ‘काही नाही आई. नुसतं बोलतो आम्ही.’ इथे ‘नुसतं बोलता म्हणजे काय’ असा आवाज चढला की संवाद संपला. आई म्हणते, ‘बरं. काय बोलायलात एवढं?’ आणि मग हळूहळू बाहेर येते, ‘त्याचे मायबाप कोयत्यावर गेलेत. तो अन् आजीच असतात घरी. त्याला करमत नाही म्हणायलाय. मला पण वाईट वाटतं त्याचं.’

ज्याला गाव ‘लफडं’ म्हणत होते, ते इतकेच असते. दिवाळीच्या सुमारास बीड, परभणी, जालना या भागांतून हजारो जोडपी ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुले आजीच्या भरवशावर किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्या पाच-सहा महिन्यांत ज्याच्याशी मन मोकळे करता येईल असे कुणीतरी हवे असणे ही भूक आहे, आणि ती भागवण्याचा दुसरा मार्ग समोर नसेल तर मूल मिळेल त्या आधाराला धरते. हे कळल्यावर आईने काय बोलावे हे आपोआप बदलते. ती म्हणू शकते, ‘वाईट वाटणं चांगलंच आहे. पण त्याच्याशी काय बोलायचं, कुठं बोलायचं, हे आपण दोघी ठरवू.’ वर्गात, मधल्या सुट्टीत, चारचौघांसमोर बोलायला हरकत नाही. शाळा सुटल्यावर आडवाटेला, रानात किंवा कुणाच्या रिकाम्या घरी भेटायचे नाही. रात्री नऊनंतर फोनवर बोलायचे नाही. आणि काही विचित्र वाटले, कुणी जबरदस्ती केली, तर त्याच दिवशी मला सांगायचे, मी ओरडणार नाही. एवढे नियम पुरतात. नियम थोडे असले आणि त्यांचे कारण सांगितलेले असले की ते पाळले जातात.

या पहिल्या बोलण्यात काही वाक्ये कटाक्षाने टाळावीत. ‘नाक कापलंस’, ‘तुझ्या बहिणीचं लग्न कसं होणार’, ‘तुझ्या बापाला कळलं तर फाशी घेईल’ अशा वाक्यांनी मूल सुधारत नाही, ते फक्त पुढच्या वेळी जास्त काळजीपूर्वक लपवायला शिकते. तिसरे वाक्य तर कधीच उच्चारू नये. ज्या प्रदेशात शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी प्रत्येक तालुक्याने ऐकलेली आहे, तिथे मूल ते शब्दशः खरे मानते आणि बापाच्या जिवाचे ओझे घेऊन एकटे फिरत राहते.

वडिलांविषयी वेगळे सांगावेसे वाटते. आपल्याकडे मुलगी मोठी झाली की बाप तिच्याशी बोलायचा थांबतो. अभ्यास, फी आणि जेवण एवढेच विषय उरतात. ही बातमी कळल्यावर वडिलांनी उपदेश केला नाही तरी चालेल, पण मुलीला टाळू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे तिला बसथांब्यापर्यंत सोडायला जावे, वाटेत नेहमीचेच बोलावे. बापाचा विश्वास उडालेला नाही, हे मुलीला त्यातून जेवढे कळते तेवढे कोणत्याही भाषणातून कळत नाही.

मुलांशी बोलायचे ते अधिक

घरोघरी मुलींना सूचना मिळतात, मुलांना मिळत नाहीत. ‘पोरगं आहे, चालायचंच’ म्हणून सोडून दिलेल्या मुलाला मग जे शिकायचे ते तो मोबाइलवरच्या रील्समधून आणि कट्ट्यावरच्या मित्रांकडून शिकतो. तिथे त्याला असे सांगितले जाते की मुलीचा नकार हा होकाराचाच एक प्रकार असतो, पाठलाग केला की ती कधीतरी वळतेच, आणि ‘माझी नाही तर कुणाचीच नाही’ म्हणणारा खरा प्रेमी. हे तिन्ही समज मुलीच्या जिवावर उठणारे आहेत आणि ते मोडण्याचे काम घरातल्या पुरुषांचे आहे.

मुलाला सरळ शब्दांत सांगावे की कुणी आवडणे यात काही गैर नाही. आवडले तर एकदा, नीट, तिला अडचण होणार नाही अशा ठिकाणी बोलावे. ती नाही म्हणाली, गप्प राहिली, वाट बदलून जाऊ लागली किंवा मैत्रिणीच्या आड उभी राहू लागली, तर ते उत्तर झाले. त्यानंतर बसथांब्यावर उभे राहायचे नाही, मित्रांकरवी निरोप पाठवायचे नाहीत, तिच्या नावाने भिंतीवर किंवा बाकावर काही लिहायचे नाही, दुसऱ्या नंबरवरून फोन करायचा नाही. मुलीचा वारंवार पाठलाग करणे हा कायद्याने गुन्हा आहे, पण गुन्ह्याच्या आधी हे सांगावे की त्या पाठलागापायी तिची शाळा सुटते. मानव विकास कार्यक्रमाची, शाळेतल्या मुलींसाठीची निळी बस गावात येते म्हणून जी मुलगी पुढे शिकू शकते आहे, तिला त्याच बसच्या थांब्यावर कुणी रोज उभे राहून त्रास दिला, तर तिचे घरचे त्या मुलाला शोधत बसत नाहीत. ते तिचे जाणे बंद करतात. मुलाने केलेल्या आगळिकीची किंमत मुलगी भरते. बहुतेक मुलांना हे कुणी कधी सांगितलेलेच नसते आणि सांगितल्यावर ती खरोखर विचारात पडतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

नकार पचवायला मुलाला मदतही लागते. त्याला रडू आले तर येऊ द्यावे. ‘बायल्यासारखा काय रडतोस’ म्हटले की तेच दुःख पुढे रागाचे रूप घेते.

काही मुलांना मुलांविषयी आणि काही मुलींना मुलींविषयी ओढ वाटते. तो आजार नाही, त्यावर औषध किंवा अंगारा-धुपारा नाही, आणि लग्न लावून दिल्याने ते बदलत नाही, फक्त आणखी एक आयुष्य त्यात भरडले जाते. अशा मुलाने विश्वासाने काही सांगितले तर ते गावात जाऊ न देणे, ही पालकांची पहिली जबाबदारी.

मोबाइल आणि फोटो

कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल घरात आला तो राहिला. तो पूर्ण काढून घेणे आता फार घरांत शक्यही नाही आणि उपयोगाचेही नाही, कारण मैत्रिणीच्या फोनवरून इन्स्टाग्राम चालूच राहते आणि मग आपल्याला काहीच दिसत नाही. त्यापेक्षा रात्री सगळ्यांचे फोन, मोठ्यांचेसुद्धा, एकाच जागी चार्जिंगला लावण्याची पद्धत ठेवावी.

एक गोष्ट मात्र मुलामुलींना स्पष्ट, न लाजता सांगायलाच हवी. अंगावर कमी कपडे असलेला किंवा खासगी असा फोटो कितीही विश्वासाच्या माणसाला पाठवायचा नाही, आणि दुसऱ्याचा असा फोटो आपल्याकडे आला तर तो पुढे ढकलायचा नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे लैंगिक स्वरूपाचे चित्र तयार करणे, पाहणे, साठवणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गंमत म्हणून वर्गाच्या ग्रुपवर टाकणारा सोळा वर्षांचा मुलगाही त्यात येतो.

एवढे सांगूनही फोटो गेलाच आणि कुणी धमकावू लागले, तर मुलीने तुमच्याकडे यावे यासाठी आजच, काही घडण्याआधी, तिला सांगून ठेवा: ‘असं कधी झालं तर पहिल्यांदा माझ्याकडे ये, मी तुला काही बोलणार नाही.’ धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, संभाषण पुसून टाकू नये, स्क्रीनशॉट काढून ठेवावेत आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी. अठरा वर्षांखालील मुलांचे फोटो समाजमाध्यमांवरून काढून टाकायला मदत करणारी ‘टेक इट डाउन’ नावाची विनामूल्य सेवाही आहे. तिच्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि तीच पुढे जाते.

कायदा धाक म्हणून नको, माहिती म्हणून सांगा

२०१२ चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पॉक्सो, अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. त्यामुळे अठरा पूर्ण होण्याआधी दोघांच्या संमतीने जरी शारीरिक संबंध आला, तरी कायद्याच्या लेखी ती संमती नसते. मुलगा अठराच्या पुढचा असेल तर त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा होऊ शकते, आणि मुलगी सोळापेक्षा लहान असेल तर किमान वीस वर्षे. मुलगा स्वतः अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. मुलीला सोबत घेऊन पळून गेले तर अपहरणाचा गुन्हा वेगळा. डॉक्टर असोत वा शिक्षक, अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

हे मुलामुलींना माहीत असलेच पाहिजे, आणि दहावीच्या आत माहीत असले पाहिजे. पण मुलगी ऐकत नाही म्हणून मुलावर खोटी केस ठोकण्याची धमकी देणारे पालक मी पाहिले आहेत आणि त्याचा परिणाम नेहमी उलटा होतो: दोघे घाबरतात आणि ज्याची भीती होती तेच, म्हणजे घर सोडून जाणे, करून बसतात. कायदा शांतपणे, वेगळ्या दिवशी, वर्तमानपत्रातल्या एखाद्या बातमीच्या निमित्ताने सांगावा.

लग्न हा उपाय नाही

आता सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांनी आपले लग्न अठराच्या आत झाल्याचे सांगितले. परभणी आणि बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर होते. यामागे दुष्काळ आहे, हुंडा आहे, आणि कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, नवरा-बायकोची जोडी लागते म्हणून मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेण्यासाठी लावलेली लग्नेही आहेत. पण गावात विचारले तर अनेक बाप एकच कारण सांगतात: ‘आम्ही सहा महिने घरी नसतो, पोरगी कुणाच्या नादी लागली तर?’ ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करणे मला पटत नाही. मात्र तिचा उपाय सोळाव्या वर्षी लग्न हा असू शकत नाही. ज्या गोष्टीची भीती होती, म्हणजे कच्च्या वयात शरीरसंबंध, गरोदरपण आणि शिक्षण सुटणे, ती सगळी लग्नाने टळत नाहीत. उलट ठरलेल्या तारखेला घडतात.

कायद्याने मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली लग्न लावणाऱ्यांना, ठरवणाऱ्यांना आणि ते थांबवू शकत असूनही होऊ देणाऱ्या पालकांनाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्त्रियांना कैद होत नाही, दंड होऊ शकतो. अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे, म्हणजे जावयाला आपणच गुन्हेगार करून ठेवतो. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याची साहाय्यक. लग्न ठरल्याचे कळले तर त्यांना किंवा १०९८ वर कळवावे. कळवणाऱ्याने आपले नाव गुप्त ठेवण्यास सांगावे.

मग बाहेरगावी जाणाऱ्या आईबापांनी करायचे काय? हंगामी वसतिगृह, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहे, यांपैकी आपल्या तालुक्यात काय आहे याची चौकशी जून-जुलैतच मुख्याध्यापकांकडे करावी, दिवाळीला करून उपयोग नाही. तेही जमत नसेल तर मुलीला सोडून जाताना शाळेतल्या एका शिक्षिकेचे नाव तिला आणि तिच्या आजीला सांगून जावे. आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी कारखान्याच्या तळावरून फोन करावा आणि त्यात ‘अभ्यास कर, नीट राहा’ यापलीकडे काहीतरी विचारावे: आज काय खाल्ले, वर्गात काय झाले, कुणाशी भांडण झाले. मुलीला करमत असेल तर तिला आधार शोधत फिरावे लागत नाही.

जात आडवी येते तेव्हा

मुलगा-मुलगी वेगवेगळ्या जातींचे किंवा धर्मांचे असले की हीच गोष्ट भलत्या वळणाला जाते आणि हे न बोलता पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. दोन मुलांचा विषय दोन वस्त्यांचा होतो. अशा वेळी पालकांनी करायची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बातमी घराबाहेर जाऊ न देणे. भावकीची बैठक बोलावू नका, गावातल्या पुढाऱ्याला मध्ये घेऊ नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर चकार शब्द नको. समोरच्या कुटुंबाशी बोलणे आवश्यक वाटले तर शाळेत, मुख्याध्यापकांच्या समोर, दोन्हीकडचे फक्त आईवडील बसून बोलावे. कुणी मारहाणीची भाषा केली, मग तो आपला सख्खा पुतण्या का असेना, तर ११२ वर फोन करायला संकोच करू नये. सोळा वर्षांच्या पोराच्या जिवापेक्षा कोणत्याही घराण्याची अब्रू मोठी नाही.

लातूर-नांदेडला शिकायला ठेवलेली मुले

दहावीनंतर नीट आणि जेईईच्या तयारीसाठी लातूर किंवा नांदेडला खोलीवर अथवा वसतिगृहात राहणारी मुले हा वेगळाच विषय आहे. घरापासून दूर, बारा-चौदा तास अभ्यास, दर आठवड्याच्या चाचणीत गुण, आणि बापाने जमीन गहाण टाकून भरलेली फी डोक्यावर. अशा वेळी मेसमध्ये किंवा क्लासमध्ये भेटलेले कुणीतरी एकदम जवळचे वाटते, आणि ते नाते तुटले की मूल सपाट होते. पालकांना मात्र गुण घसरल्यावरच कळते.

तुटलेल्या नात्याचे दुःख खरे असते. ‘डॉक्टर झालास की अशा छप्पन मिळतील’ हे सांत्वन नाही. पहिले दोन आठवडे त्याला झोप, जेवण आणि बोलायला माणूस लागते. शक्य असेल तर आईने चार दिवस त्याच्याजवळ जाऊन राहावे किंवा त्याला गावाकडे आणावे, त्या चार दिवसांनी ‘नीट’ची तयारी बुडत नाही. पण तो सलग झोपत नसेल, जेवण सोडले असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, ‘मी नसलो तर तुमचा खर्च वाचेल’ असे काही बोलत असेल, तर ते बोलणे थट्टेवारी नेऊ नये. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे ठेवू नये आणि गावाकडच्या घरात फवारणीची औषधे असतील तर ती त्याच दिवशी कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवावीत. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

कुणाकडे जायचे

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्याखाली आपल्याकडे जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालवली जातात, जिथे १० ते १९ वयाच्या मुलामुलींशी समुपदेशक बोलतात. पाळी, स्वप्नावस्था, मुरुमे, आकर्षण, ताण, कशाबद्दलही विचारता येते आणि फी नसते. गावातल्या आशाताईंना दिवस आणि वेळ विचारून जावे. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते. तिच्यात कोण आहे हे पालकसभेत विचारून घ्यावे, कारण समिती कागदावरच असेल तर तुमच्या विचारण्यामुळे तरी ती जागी होईल.

मैत्री क्लिनिकला नेताना मुलीला ‘तुला दाखवायला नेतोय’ असे सांगू नका. आपल्यालाच काहीतरी आजार आहे, असे तिला वाटू लागते. ‘तिथं एक ताई असतात, तुला जे मला विचारता येत नाही ते त्यांना विचार’ असे सांगा. समुपदेशक बोलत असताना आईने बाहेरच्या बाकावर बसावे. आतले बोलणे मुलीचे आहे. तिच्या जिवाला धोका असेल किंवा तिच्यावर अत्याचार झालेला असेल तर समुपदेशक स्वतःहून पुढची पावले उचलतात, कारण ते त्यांच्यावर बंधनकारक आहे. परतीच्या एसटीत ‘काय काय विचारलं?’ म्हणून तिला खोदून विचारू नका. पुढची तारीख दिली असेल तर ती कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी शेतात कितीही काम असले तरी तिला घेऊन जा.